जोर परका असतो तेव्हा

थंडी सरत आली की जव्हारहून दाभोशाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऐनाची झाडे खराट्यासारखी उभी दिसतात. राबासाठी, म्हणजे शेतातल्या भाजणीसाठी, त्यांच्या फांद्या उतरवलेल्या असतात. या कामात शाळकरी पोरेही असतात. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि पोरगा सरसर वर. घाव घालण्याआधी तो खाली बघतो. फांदी कुठे पडेल, खाली कोण उभे आहे, फांदी सुटली की आपण बसलो आहोत तो भाग उसळेल का, हे सगळे त्याने क्षणात जोखलेले असते. एक हात खोडाला, कोयत्याचा घाव स्वतःपासून दूर, पाय घावाच्या रेषेबाहेर. हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते. बाप, काका, मोठी बहीण यांच्याबरोबर रानात जाता जाता ते अंगात मुरलेले असते.

हाच पोरगा आठवीत शाळेच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनसमोर उभा राहतो, लोखंडी पट्टी डाव्या हाताने दाबून धरतो आणि उजव्या हाताने दांडा खाली ओढतो. झाडावर इतका सावध असणारा मुलगा इथे बोटे गमावण्याच्या तयारीत उभा असतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. तो बेफिकीर नाही, आणि ‘या मुलांना शिस्त नाही’ हा नेहमीचा शेराही चुकीचा आहे. त्याची सगळी सावधगिरी ज्या एका गोष्टीवर उभी आहे, तीच इथे बदललेली आहे. कोयत्यामागचा जोर त्याच्या स्वतःच्या दंडाचा असतो. घाव चुकला की हात थांबतो, हात थांबला की कोयता थांबतो. ड्रिलमागचा जोर विजेचा आहे. मुलगा थांबला तरी मशीन थांबत नाही. शाळेच्या वर्कशॉपमधली सुरक्षा शिकवायची तर सुरुवात या फरकापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. गॉगल, हातमोजे, भिंतीवरची पोस्टरे हे सगळे नंतर येते.

पट्टीचेच उदाहरण पूर्ण बघू. ड्रिलचे बिट लोखंडात उतरत असते तोवर सारे सुरळीत चालते. धोका असतो तो बिट खालून बाहेर पडण्याच्या क्षणाला. तळाशी उरलेला धातूचा पातळ पापुद्रा फाटतो, त्याच्या कडा बिटाच्या खाचेत अडकतात आणि बिट स्क्रूसारखे पट्टीत घुसून तिला उचलून गरगरा फिरवते. मशीन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २३ फेरे होतात. ३० सेंटिमीटर लांबीची पट्टी मध्यावर अडकून त्या वेगाने फिरली, तर तिची टोके ताशी सुमारे ८० किलोमीटरने येतात, आणि पहिला तडाखा पट्टी धरलेल्या हातालाच बसतो. माणसाचा हात कितीही चपळ असला तरी काही बिघडल्याचे कळून प्रतिसाद द्यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात जवळपास पाच फेरे होऊन गेलेले असतात. म्हणून पट्टी वाइसमध्ये आवळायची, वाइस टेबलाला बोल्टने बांधायचा आणि बिट बाहेर पडायच्या वेळी दाब कमी करायचा. नियम तीन ओळींचा आहे, पण त्यामागचे पाच फेरे एकदा समजले की तो पाठ करावा लागत नाही.

हाच हिशेब केसांना लावून पाहा. ड्रिलचे बिट पकडणाऱ्या चकचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर गुंडाळले जाते. पाच फेऱ्यांत ६० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे वेणीचे टोक किंवा ओढणीची कड अडकल्याचे मुलीला कळेपर्यंत तिचे डोके चकपाशी पोहोचलेले असते. शर्टाची सैल बाही, मनगटावरची राखी किंवा गंडा, गळ्यातला दोरा यांची तीच गत. हातमोजे हाताच्या रक्षणासाठी असतात, पण फिरत्या मशीनवर ते घालायचे नाहीत, याचे कारणही हेच. उघड्या बोटाला बिट चाटून गेले तर कापते. मोज्याचा धागा अडकला तर अख्खे बोट आत ओढले जाते. मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही. मशीन बंद ठेवून, प्लग काढून, चकला सुतळीचे टोक चिकटवावे आणि हाताने पाच फेरे द्यावेत. किती सुतळी गुंडाळली गेली ते मुलांनीच पट्टीने मोजावे. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि त्याला सुतळीपलीकडे काही लागत नाही.

जव्हार-मोखाड्याकडच्या शाळांना आणखी एक धोका ओळखावा लागतो, जो शहरात लिहिलेल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो म्हणजे गेलेली वीज. मशीन चालू असताना वीज जाते. मुले ‘गेली!’ म्हणून ओरडतात आणि सगळे बाहेर पळतात. बटण चालूच राहते. अर्ध्या तासाने कोणीतरी अडकलेले बिट काढायला चकमध्ये बोटे घालतो, आणि नेमकी त्या वेळी वीज येते. हा अपघात ज्याच्या हातून होतो त्याची त्या क्षणी कसलीच चूक नसते. चूक अर्ध्या तासापूर्वी झालेली असते. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. शेतातल्या पंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर. त्याच्या आत एक कॉइल असते. वीज असते तोवर ती संपर्क जुळवून धरते, वीज गेली की सोडून देते, आणि वीज परत आली तरी कोणीतरी हिरवे बटण दाबेपर्यंत मशीन उठत नाही. शाळेत साधे खटक्याचे बटण लावलेली मशीन असेल तर पहिला खर्च या स्टार्टरचा करावा, रंगीत फलकांचा नंतर. हातातल्या ग्राइंडरला असा स्टार्टर नसतो. त्याचे सरकते बटण चालूच्या जागी अडकून राहते. तिथे सवयच लावावी लागते: वीज गेली की आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग बाकीचे बोलणे.

आपल्याकडे हाताने काम करत शिकण्याची परंपरा जुनी आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम उभी राहिली आणि टकळी, चरखा, शेती ही अभ्यासाची साधने बनली. त्या साधनांत एक गोष्ट समान होती. त्यांचा जोर मुलाच्या हातातून यायचा. टकळीने कोणाचे बोट तुटत नाही. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर कार्यानुभव हा विषय शाळांत रुजला. त्यातही बहुतेक ठिकाणी कागदकाम, शिवण, बागकाम अशीच कामे राहिली. आता चित्र बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, कुंभारकाम अशा कामांची ओळख करून घ्यावी आणि दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांबरोबर काढावेत असे म्हटले आहे. विचार चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण यामुळे अकरा-बारा वर्षांची मुले विजेच्या अवजारांजवळ येणार, हे आतापासूनच डोळ्यांपुढे ठेवायला हवे.

या बाबतीत महाराष्ट्राला दूर कुठे बघायची गरज नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले काम करता करता शिकतील आणि शिकता शिकता गावाच्या उपयोगी पडतील, ही त्यांची धारणा. त्यातूनच माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस लोखंडकाम-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांची कामे करतात. शिकवायला बरेचदा गावातलाच जाणता माणूस असतो: वेल्डर, वायरमन, शेतकरी. मुलांनी केलेले काम खरे असते. कोणाचे फाटक, कोणाची खिडकी, शाळेचाच मोडका बाक.

काम खरे असण्याचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. परीक्षेपुरता ‘जॉब’ घासणाऱ्या मुलाला काम एकदाचे संपवायचे असते. कोणाच्या तरी घराचे फाटक करणारा मुलगा मोजमाप दोनदा बघतो, कडा घासून बोथट करतो, कारण त्या फाटकावर उद्या कोणाचे तरी लहान पोर लोंबकळणार हे त्याला माहीत असते. दुसऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून घासलेली कड ही माझ्या मते सुरक्षेचा पहिला धडा आहे. स्वतःला जपा असे सांगण्याआधी मुलाच्या हातून कोणाला तरी जपले जाते.

मात्र गावातला जाणता कारागीर शिक्षक म्हणून आणताना एक अडचण येते. त्याचा हात कसलेला असतो आणि त्या कसबामुळेच त्याला काही वाईट सवयी पचलेल्या असतात. गॉगल न लावता डोळे किलकिले करून टाका मारणारा वेल्डर, पायातल्या चपलेने रॉड दाबून कापणारा फॅब्रिकेटर आपण सर्वांनी पाहिले आहेत. मुले त्याचे बोलणे ऐकत नाहीत, त्याचे हात बघतात. त्यामुळे वर्ग सुरू होण्याआधी शाळेने त्याच्याशी बसून बोलले पाहिजे, आणि ते मान राखून बोलले पाहिजे. ‘दादा, तुम्हाला जमतं ते पोरांना जमणार नाही; तुम्ही करता तसंच ती करणार’ एवढे सांगितले तरी बहुतेक कारागीर समजून घेतात. त्यांनाही पोरे असतात.

शिकवायचे कसे, याबद्दल माझा आग्रह एका प्रश्नाचा आहे. कोणतेही काम सुरू करण्याआधी मुलाने मोठ्याने विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे: ‘हे सटकलं तर कुठं जाईल?’ झाडावर फांदी तोडताना तो हेच मनात विचारत असतो. तोच प्रश्न वर्कशॉपमध्ये आणायचा. कानस सटकली तर? पुढचा हात पत्र्याच्या कडेवर जाईल. मग पत्रा कमी बाहेर काढून आवळू. कानशीला लाकडी मूठ नसेल तर? तिची टोकदार शेपटी तळहातात घुसेल; मग मूठ बसवल्याशिवाय वापरायची नाही. पटाशी सटकली तर? समोर धरलेल्या डाव्या हातात; मग दोन्ही हात धारेच्या मागे, लाकूड शिकंज्यात. हातोडीचे डोके सुटले तर? समोर उभ्या मित्राकडे जाईल. मग मित्र बाजूला, आणि आधी पाचर तपासू. उन्हाळ्यात कुऱ्हाडीचा दांडा वाळून सैल होतो आणि घरी तो पाण्यात बुडवून ठेवतात, हे या मुलांना शिक्षकापेक्षा चांगले माहीत असते. तिथून सुरुवात केली की वर्ग त्यांचा होतो. छिन्नीचे डोके घाव खाऊन फुलते आणि त्याच्या कडा कपच्यांसारख्या उडतात, हे नवे ज्ञान मग त्या जुन्या ज्ञानाला चिकटते.

ग्राइंडरपाशी मात्र थांबावे लागते, कारण शाळेच्या वर्कशॉपमधले सर्वांत घातक अवजार तेच आहे आणि सर्वांत सहज हातात दिले जाते तेही तेच. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. या वेगाला चकतीचा तुकडा उडाला तर तो चुकवणे कोणाच्याही हातात नसते. लोखंड कापायची चकती जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, जाळी आणि राळेने बांधलेली. ती सरळ रेषेत कापण्यासाठीच बनवलेली असते. तिच्या बाजूने घासले, किंवा कापता कापता ग्राइंडर वाकडा केला, की ती फुटते. प्रत्येक चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. चार इंची चांगल्या चकतीवर तो बहुधा १५,३०० असतो. मशीनवरचा आकडा चकतीवरच्या आकड्यापेक्षा लहान असलाच पाहिजे. मुलांना हे दोन आकडे वाचायला लावणे हा उत्तम धडा आहे, गणिताचाही. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदतही असते. राळ ओल धरते; जव्हारकडच्या पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेली चकती मुदतीआधीच कमकुवत होऊ शकते. तिला कोरड्या डब्यात सपाट ठेवावे, आणि पडलेली, ठेच लागलेली चकती सरळ मोडून फेकावी.

आणि गार्ड. ग्राइंडरचा अर्धगोल गार्ड काढून ठेवण्याची पद्धत इतकी सर्रास आहे की बऱ्याच जणांना तो असतो हेच माहीत नसते. तो काढतात कारण त्यामुळे कोपऱ्यात हात जात नाही, किंवा मोठी चकती बसवायची असते. काही जण तर लाकूड कापायचे दात्यांचे पातेच ग्राइंडरवर चढवतात. ते लाकडात अडकले की अख्खा ग्राइंडर हातातून उसळून मागे येतो, मांडीवर किंवा गळ्याशी. शाळेत या दोन गोष्टींना कुठल्याही कारणाने परवानगी नको. गार्ड नसलेला ग्राइंडर शिक्षकाने कपाटात बंद करावा आणि गार्ड येईपर्यंत हॅक्सॉने कापावे. दगडी चाकाच्या टेबल ग्राइंडरचे वेगळे: चाक बसवण्याआधी ते बोटावर लोंबते धरून लाकडी मुठीने हलके ठोकायचे. टणक घुमणारा आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा. चाक आणि टेकण यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर घासायची वस्तू त्या फटीत ओढली जाऊन पाचरीसारखी अडकते.

वेल्डिंगचा धोका लपून येतो. टाका मारताना निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्याच्या पुढच्या पडद्याला भाजते, पण त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. वसतिगृहात निजलेला मुलगा रात्री रडत उठतो आणि दुपारी तो वेल्डिंग ‘नुसता बघत’ उभा होता हे कोणाच्या लक्षात येत नाही. काच वेल्डिंग करणाऱ्याला मिळते, बघणाऱ्यांना नाही, ही खरी चूक आहे. साधा काळा चष्मा इथे चालत नाही. वेल्डिंगची काच दहा-अकरा नंबरची लागते. बघणाऱ्या प्रत्येकाकडे ती नसेल तर बघण्याचा कार्यक्रमच करू नये. पडदा लावावा आणि थंड झालेला टाका हातात देऊन दाखवावा. थंड झालेला, हे खात्रीने. लोखंडाची लाली गेली तरी ते कितीतरी वेळ चटका देण्याइतके तापलेले असते, म्हणून वेल्डिंग झालेल्या तुकड्यावर खडूने ‘गरम’ लिहायची रीत लावावी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप शाळेत वेल्ड करू नये. त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

कपड्यांबद्दल शाळा स्वतःच थोडी दोषी आहे. गणवेशाचे कापड बहुधा टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर असते, ते ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण वितळून चिकटत नाही. त्यामुळे वर्कशॉपच्या दिवशी जुने सुती शर्ट चालतील असे शाळेने सांगावे, आणि बंद बुटांचे दहा-बारा जोड वर्कशॉपमध्येच ठेवावेत. आश्रमशाळेतल्या मुलाला ‘बूट घालून ये’ सांगणे म्हणजे त्याला वर्गाबाहेर ठेवणे आहे. गॉगलही मुलांच्या तोंडाला बसणारे हवेत. मोठ्यांचे गॉगल खाली घसरतात, मग पोरे ते कपाळावर चढवतात आणि आपण त्यांना रागावतो. मुलींच्या बाबतीत सोपी वाट पत्करली जाते: वेणी आणि ओढणीचा धोका म्हणून त्यांना लांब उभे करायचे आणि शेवटी झाडू द्यायचा. हे मला अजिबात मान्य नाही. दाभोशाची मुलगी रानात कोयता चालवते, मोळी बांधते, डोंगर चढते. तिला एक टोपी द्या, ओढणी खुंटीला टांगायला सांगा आणि मशीनसमोर उभी करा.

विजेच्या शॉकबद्दल थोडक्यात. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वीज जाते, आणि हृदयाची लय बिघडवायला याहून कमी पुरते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी हा स्विच बसवलेला असेल तर वीज क्षणार्धात बंद होते. त्यावरचे छोटे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा मुलांनीच दाबून बघावे. अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात पाझरती भिंत आणि त्यावरचा बोर्ड ही जोडी नेहमीची आहे. भिंत ओली असेल त्या दिवशी हातकाम करावे. भिंतीसारखेच छपराचेही भान ठेवावे: सिमेंटच्या जुन्या पत्र्याला मुलांकडून भोके पाडून घेऊ नयेत. त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

एवढे करूनही कधीतरी लागेल. दाभोशाकडून जव्हारचे कुटीर रुग्णालय घाटवाटेने गाठायचे, आणि मोठी शस्त्रक्रिया असेल तर तिथून नाशिककडे. हे अंतर शाळेने आधीच मोजलेले असावे. १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो, फोनला रेंज कुठे येते, कोणाची जीप गावात असते, हे भिंतीवर लिहिलेले असावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरायचे, मध्ये मध्ये उचलून बघायचे नाही. हळद, राख, चहापूड काही लावायचे नाही. भाजले तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, टूथपेस्ट नाही. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळायचा नाही. बोटाचा तुकडा तुटलाच तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकला तर तो जोडण्यालायक राहत नाही. हे बाकीच्या मुलांना माहीत हवे, कारण ज्याला लागले त्याला त्या क्षणी काही सुचत नसते.

मुले जखम लपवतात, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण ती का लपवतात? सांगितले तर आधी ओरडा, मग वर्कशॉप बंद. मला वाटते, भिंतीला एक वही टांगावी आणि तिच्यात ‘थोडक्यात वाचलं’ एवढेच लिहायचे. नाव लिहायचे नाही. पट्टी फिरली पण हाताला लागली नाही, चावी चकमध्ये राहिली आणि उडाली, केबल पायात आली. दर आठवड्याला ती वर्गात वाचायची आणि त्यावर काय बदल करायचा ते मुलांनीच ठरवायचे: चावीला दोरी बांधू, केबल वरून नेऊ, जमिनीवर मशीनभोवती पिवळी रेघ मारू आणि रेघेत एकच जण. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, १९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी शपथ घेतात, पोस्टरे काढतात. ते जरूर करावे. पण वर्षभराची ही वही त्या दिवशी मोठ्याने वाचली, तर मुलांना आपल्याच खोलीतले धोके ऐकू येतील.

दहावीनंतर यांतली बरीच मुले बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत, वसईच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत किंवा बांधकामांवर कामाला लागतात. काही जण तर शाळा सुटायच्या आधीच, दिवाळीनंतर, आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सांगून ठेवले होते की धोक्याच्या मशीनवर अल्पवयीन कामगाराला उभे करायचे तर त्याला धोके आणि खबरदारी पूर्ण समजावून सांगितलेली असली पाहिजे, आणि शिवाय त्याला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असले पाहिजे किंवा तो जाणकाराच्या देखरेखीखाली असला पाहिजे. छोट्या गाळ्यात ही तरतूद कोणी वाचून दाखवत नाही. पहिल्याच दिवशी शेठ गार्ड नसलेला ग्राइंडर हातात देतो आणि नवा पोरगा नाही म्हणू शकत नाही, कारण त्याला रोजगार हवा असतो. शाळेने त्याला धैर्याचे भाषण देऊन काही साधत नाही. पण ज्याने तीन वर्षे गार्ड लावूनच कापले आहे, त्याचा हात ग्राइंडर घेतल्याबरोबर गार्ड शोधतो. तो विचारतो, ‘शेठ, याचा गार्ड कुठंय?’ अनेकदा तो गाळ्यातच, रंगाच्या डब्यांमागे, धूळ खात पडलेला असतो, आणि तो परत बसवायला एक पान्हा आणि दोन मिनिटे पुरतात.